केमोथेरपीनंतरचे बधिर हातपाय : औषध किती, व्यायाम किती

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक मेळाव्यात शिक्षकाने काय बोलावे हे बहुधा ठरलेले असते. मुलांची गळती, मुलींचे शिक्षण, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि अलीकडे मोबाईलचा उपद्रव. हे सारे विषय महत्त्वाचेच आहेत आणि माझ्यानंतरचे वक्ते त्यांवर बोलणार आहेत. मी आज केमोथेरपी घेतलेल्या माणसाच्या बधिर झालेल्या हातापायांविषयी बोलणार आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक; इतिहास-भूगोल शिकवितो. या माणसाने डॉक्टरी विषय का घ्यावा, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, हा विषय माझ्यापर्यंत वर्गाच्या हजेरीपटातून आला.

इयत्ता नववीतील एक हुशार विद्यार्थिनी सतत गैरहजर राहू लागली. चौकशीसाठी मी घरी गेलो. आईच्या स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले होते, केमोचे सर्व डोस पूर्ण होऊन चार महिने उलटले होते, आणि तपासण्याही समाधानकारक होत्या. मग मुलगी शाळेत का नाही? तर आईच्या बोटांना स्पर्श कळत नव्हता, तांदळाची भाकरी थापता येत नव्हती, तळपायाखाली कापूस घातल्यासारखे वाटून तोल जात होता. घरची मंडळी मोठ्या मायेने म्हणाली, "सर, आम्ही तिला पलंगावरून उठूच देत नाही." स्वयंपाक मुलीकडे आला होता. आजार आटोक्यात आला, आणि मुलीची शाळा मात्र सुटली.

त्या घराला मी दोष देत नाही. आजारी माणसाला निजवून ठेवणे हीच सेवा, असे आपण पिढ्यान्पिढ्या मानत आलो. परंतु हातापायांच्या या विशिष्ट दुखण्यात ती सेवा उलटी पडते, आणि ते का, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. त्यासाठी मी वाचन केले आणि लिहिलेला मजकूर एका जाणत्या डॉक्टरांकडून तपासून घेतला.

आपल्या कर्जत-खालापूर तालुक्यांतील बहुतेक रुग्ण परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जातात. हे रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र तर आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे. पहाटेची लोकल धरून परळला जाणारे आणि रात्री उशिरा परतणारे कुटुंब आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अशा फेरीत डॉक्टरांसमोर मिळतात ती थोडी मिनिटे. त्यांत गाठीविषयी, रक्ताच्या रिपोर्टविषयी, पुढच्या तारखेविषयी बोलणे होते. पायाला येणाऱ्या मुंग्या राहून जातात.

आता या मुंग्या कशाने येतात ते पाहू. विद्यार्थी मित्रांनी येथे विशेष लक्ष द्यावे.

आपल्या अंगणात सदाफुली असते. मूळची ती मादागास्कर बेटावरची. १९५० च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे संशोधक तिच्या पानांचा मधुमेहावर काही उपयोग होतो का ते पाहत होते. साखरेवर परिणाम दिसला नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या. त्या धाग्यावरून व्हिनब्लास्टिन आणि पुढे या झाडापासून व्हिन्क्रिस्टिन ही औषधे निघाली. व्हिन्क्रिस्टिन आजही रक्ताच्या कर्करोगात लहान मुलांना देतात. (म्हणून कोणी सदाफुलीची पाने चावू नयेत. औषध आणि विष यांतील अंतर येथे फार थोडे आहे.) दुसरे औषध पॅक्लिटॅक्सेल. अमेरिकेतील यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून ते वेगळे काढणाऱ्या दोन शास्त्रज्ञांपैकी एक, डॉ. मनसुख वाणी, हे आपल्या महाराष्ट्रातील नंदुरबारचे. १९२५ चा त्यांचा जन्म, मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी, आणि पुढे अमेरिकेत मन्रो वॉल यांच्या सोबतीने त्यांनी या द्रव्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. जगभरच्या लक्षावधी स्त्रियांना या औषधाने आयुष्य दिले आहे. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत त्यांचे नाव सहसा सापडत नाही. असो.

हे औषध करते काय? प्रत्येक पेशीच्या आत अतिशय सूक्ष्म नळ्यांचे जाळे असते. पेशीचे दोन भाग होताना या नळ्या लागतात. पॅक्लिटॅक्सेल त्या नळ्या गोठवून टाकते, व्हिन्क्रिस्टिन त्या बनूच देत नाही. भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी त्यामुळे मरते. परंतु मज्जातंतूच्या पेशीतही याच नळ्या असतात, आणि तेथे त्यांचे काम वाहतुकीचे असते. पायाच्या अंगठ्याची जाणीव वाहून नेणाऱ्या तंतूची मूळ पेशी कमरेपाशी, कण्यालगत असते. तेथून अंगठ्यापर्यंत जवळजवळ एक मीटर लांबीच्या तंतूतून पोषणाचा माल पोहोचवावा लागतो.

आपल्याला हे समजावयास कठीण जाऊ नये. पावसाळ्यात कल्याणच्या अलीकडे-पलीकडे रुळांवर पाणी आले की पहिली कोणती गाडी रद्द होते? खोपोलीची. सर्वांत लांबचे स्टेशन सर्वांत आधी तुटते. शरीरातही तसेच होते. आधी पायाची बोटे, मग तळवा, मग हाताची बोटे. पायात मोजा आणि हातात हातमोजा घातल्यासारखा हा बधिरपणा पसरतो.

सिसप्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन ही प्लॅटिनमची औषधे थोडी निराळी वागतात. ती कण्यालगतच्या मूळ पेशींनाच इजा करतात. म्हणून औषध थांबल्यानंतरही दोन-तीन महिने बधिरपणा वाढत जाऊ शकतो. पुष्कळ घरांत याच वेळी घबराट होते, आजार नसांत उतरला असे समजून माणसे बुवा-बाबांकडे धावतात. यात आजार पसरलेला नसतो. आधी झालेल्या इजेचा हिशेब उशिरा लागतो. ऑक्झॅलिप्लॅटिनची आणखी एक खोड आहे. ते घेतल्यानंतरचे काही दिवस थंड पाणी, थंड भांडे, बर्फ यांना हात लागला किंवा थंड घोट घशाखाली गेला की कळा येतात. थॅलिडोमाइड आणि बोर्टेझोमिब या दोन औषधांनीही मज्जातंतूंना इजा होते.

हे किती जणांना होते? २०१४ मध्ये ३१ अभ्यासांतील ४,१७९ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. केमो संपल्यानंतर पहिल्या महिन्यात शंभरातील सुमारे ६८ जणांना हा त्रास होता, तीन महिन्यांनी ६० जणांना, आणि सहा महिने उलटल्यावरही सुमारे ३० जणांना. तेव्हा हा कोणाच्या नशिबाचा किंवा अशक्तपणाचा भाग नव्हे. ज्यांना आधीच मधुमेह आहे, ज्यांच्या शरीरात बी-१२ कमी आहे, त्यांना धोका अधिक. आपल्या दोन्ही तालुक्यांत मधुमेह किती घरांत आहे हे मी सांगावयास नको.

येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते, आणि ती गोळीची नाही. बधिरपणा वाढत असेल तर डॉक्टर औषधाचे प्रमाण कमी करू शकतात, डोस पुढे ढकलू शकतात, कधी औषध बदलूही शकतात. ही इजा रोखण्याचा याहून खात्रीचा वैद्यकीय मार्ग आजमितीस उपलब्ध नाही. पण डॉक्टरांना कळले तरच. आणि आपल्या आया-बहिणी सांगत नाहीत. त्यांना भीती वाटते की सांगितले तर औषध बंद करतील आणि मग आजार जिंकेल. काही पुरुषही याच भीतीने गप्प बसतात.

या भीतीवर उत्तर म्हणून एक उदाहरण देतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ऑपरेशननंतर पूर्वी ऑक्झॅलिप्लॅटिनचा उपचार सहा महिने देण्याची रीत होती. तो तीन महिने दिला तर चालेल का, हे पाहण्यासाठी अनेक देशांतील सहा चाचण्या एकत्र करून १२,८३४ रुग्णांची माहिती तपासली गेली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी धोक्याच्या रुग्णांत, विशेषतः एका औषधजोडीबरोबर, तीन महिन्यांचा उपचार जवळजवळ तेवढाच उपयोगी ठरला. आणि मज्जातंतूंचा मध्यम ते तीव्र त्रास सहा महिन्यांच्या गटात शंभरातील सुमारे ४५ ते ४८ जणांना झाला, तर तीन महिन्यांच्या गटात सुमारे १४ ते १७ जणांना. डॉक्टर मंडळी आपल्या पायांच्या मुंग्यांसाठी एवढा खटाटोप करतात. तेव्हा आपण त्यांना त्या सांगण्यास लाजू नये. डोस कमी करावयाचा की नाही हे ठरविणे त्यांचे काम. मनाने डोस चुकविणे हा मात्र आत्मघात आहे.

आता गोळ्यांकडे वळतो. केमोने झालेल्या या इजेसाठी पुष्कळ औषधे तपासून झाली. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सर्व चाचण्यांचा आढावा घेतला. त्रास होऊच नये म्हणून द्यावयाचे एकही औषध त्यांना शिफारशीयोग्य वाटले नाही. त्रास झाल्यानंतर, तोही वेदनेसाठी, एकाच औषधाची शिफारस झाली. त्याचे नाव ड्युलॉक्सेटिन.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २३१ रुग्ण होते. पहिला आठवडा ३० मिलिग्रॅम आणि पुढे चार आठवडे ६० मिलिग्रॅम अशी मात्रा होती. ड्युलॉक्सेटिन घेणाऱ्यांपैकी शंभरातील ५९ जणांच्या वेदना कमी झाल्या. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांतही ३८ जणांच्या कमी झाल्या. म्हणजे औषधाचा गुण खरा आहे, पण तो माफक आहे. हे औषध जळजळ आणि कळा कमी करते. बधिर अंगठ्याला पुन्हा जाणीव देणे हे त्याचे काम नव्हे. मळमळ, झोप, तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ हे त्रास होऊ शकतात. यकृताचा विकार किंवा काचबिंदू असल्यास आधी सांगावे. ट्रॅमाडॉल ही वेदनेची गोळी किंवा स्तनाच्या कर्करोगात देतात ती टॅमॉक्सिफेन चालू असेल तर हे औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना त्याची आठवण करून द्यावी. आणि ते एकदम बंद करू नये, हळूहळू कमी करतात.

एक गोष्ट मात्र स्पष्टच बोलली पाहिजे. हे औषध मुळात मनाच्या उदासीवर निघाले. घरातील शिकलेला मुलगा मोबाईलवर नाव शोधतो, "ही तर डिप्रेशनची गोळी" म्हणतो, आणि आई ती केराच्या टोपलीत टाकते. "मला काय वेड लागले आहे?" असा तिचा सवाल. वेदनेच्या आणि मनाच्या संदेशवहनात काही रसायने समान असतात म्हणून एकच औषध दोहोंकडे चालते. शिकलेल्या मुलांनी अर्धे वाचून थांबू नये.

गॅबापेन्टिनची चाचणी ११५ रुग्णांवर झाली होती, निष्कर्ष २००७ चे. उपयोग दिसला नाही. प्रिगॅबालिन आपल्याकडे सर्रास देतात. तिच्याविषयीचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, पण काही रुग्णांना आराम पडतो. माझ्या भाषणावरून कोणी चालू गोळी बंद करू नये. फक्त तिने गुंगी येते हे लक्षात ठेवावे. आधीच तोल जाणारा माणूस रात्री मोरीकडे जाताना पडला तर मांडीचे हाड मोडते.

आणि "नसांची ताकद" म्हणून दुकानातून आणतो त्या गोळ्या? बी-१२ कमी असेल तर ते भरून काढलेच पाहिजे, त्यासाठी रक्ताची तपासणी असते. परंतु अशा काही गोळ्यांत असेटिल-एल-कार्निटिन असते. ते घेतल्याने त्रास टळतो का, हे ४०९ स्त्रियांवर पाहिले गेले, आणि २०१३ मध्ये उलटाच निकाल आला : घेणाऱ्यांचा बधिरपणा अधिक वाढला. वर सांगितलेल्या तज्ज्ञांच्या संस्थेने हे देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. बी-६ जीवनसत्त्व दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्याने स्वतःच मज्जातंतूंना इजा करते. दुकानदार ओळखीचा आहे, म्हणून त्याची गोळी निरुपद्रवी होत नाही.

तेव्हा औषधाचा हिशेब एवढाच. आता व्यायाम.

२०१८ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केमो चालू असलेल्या ३५५ रुग्णांचे दोन गट होते. एका गटाने सहा आठवडे घरीच रोज चालणे आणि रबरी पट्टा ताणण्याचा व्यायाम केला. त्यांच्यात हातापायांचा बधिरपणा, मुंग्या, गरम-गार वाटणे हे सारे कमी राहिले. त्याहून लक्षणीय निष्कर्ष २०२४ चे, जर्मनीतील. ऑक्झॅलिप्लॅटिन किंवा सदाफुलीच्या कुळातील औषधे घेणारे १५८ रुग्ण होते. काहींना आठवड्यातून दोनदा तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले, काहींना कंप पावणाऱ्या फळीवर उभे केले, आणि उरलेल्यांना नेहमीचा उपचार. नेहमीच्या उपचारात शंभरातील सुमारे ७१ जणांना मज्जातंतूंची इजा झाली. कंपफळीच्या गटात ४१, आणि तोलाच्या व्यायामात ३०. रुग्णांची संख्या फार मोठी नाही, हे खरे. तरीसुद्धा ज्या इजेला रोखणारी गोळी नाही, तेथे एका पायावर उभे राहण्याने एवढा फरक पडावा, ही साधी गोष्ट नव्हे. आणि हा व्यायाम फुकट आहे.

यामागचे तत्त्व शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना ठाऊक आहे. तोल सांभाळताना पायाचे स्नायू, घोटे, कान, डोळे आणि मेंदू यांच्यात क्षणाक्षणाला निरोपांची देवाणघेवाण होते. ही वाट वापरात राहिली तर टिकते, आणि उरलेले तंतू अधिक काम उचलावयास शिकतात. पलंगावर पडलेल्या माणसाच्या पायांना कोणताच निरोप जात नाही. त्यात पोटऱ्यांचे स्नायू वितळतात, आणि दोन महिन्यांनी तो खरोखरच उठू शकत नाही. मग घरचे म्हणतात, बघा, आम्ही म्हणत होतो ना!

करावे कसे? आधी डॉक्टरांची किंवा फिजिओथेरपिस्टची परवानगी. ताप असेल, प्लेटलेट फार उतरल्या असतील, आजार हाडांत असेल, छातीत दुखत असेल, तर आपल्या मनाने काही करू नये. परवानगी मिळाली की चालण्यापासून सुरुवात. सपाट जागेवर, मागे पट्टा असलेल्या पादत्राणात, पाच-दहा मिनिटे सकाळी आणि तेवढीच संध्याकाळी. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत. दमून बसणे हा हेतू नाही. बोलता बोलता चालता आले पाहिजे.

तोलाचा व्यायाम ओट्यापाशी किंवा भिंतीपाशी करावा, आणि घरातील कोणीतरी हातभर अंतरावर उभे असावे. पहिल्या दिवसांत पाय जुळवून वीस-तीस सेकंद उभे राहणे. ते जमले की एका पायाच्या पंजापुढे दुसऱ्याची टाच. मग एक पाय किंचित उचलून. काही आठवड्यांनी हेच जमिनीऐवजी घडी घातलेल्या गोधडीवर. प्रत्येक प्रकार तीन वेळा, मध्ये विश्रांती. सोपे वाटू लागले की थोडे अवघड करावयाचे, हेच यातील मर्म आहे. जोडीला खुर्चीवरून हात न टेकता आठ-दहा वेळा उठणे-बसणे आणि टाचा उचलणे.

हातांसाठी आपल्या रायगडच्या घरात सामान तयार आहे. ताटात मूठभर कडवे वाल आणि मूठभर तांदूळ मिसळावेत आणि बोटांनी निवडावेत, आधी बघून आणि मग डोळे मिटून. शर्टाची बटणे लावावीत-काढावीत, पीठ मळावे, नाणी चाचपून ओळखावीत. आईला स्वयंपाकघरातून पूर्ण हद्दपार करू नका. तिला कणीक द्या, वाल निवडावयास द्या. विळी आणि तवा मात्र तूर्त दुसऱ्याने सांभाळावा.

याचे कारण पुढच्या भागात आहे, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे लागेल. बधिर पाय कसे जपावेत हे ज्ञान कर्करोगाच्या दवाखान्यात जन्मलेले नाही, ते मुख्यतः कुष्ठरोगाच्या कामातून आले. पनवेलजवळ नेरे येथे शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीने हे काम केले आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरोग्याची बोटे आपोआप झडत नाहीत. दुखणे कळत नाही म्हणून जखमा होतात, चिघळतात, आणि त्यातून बोटे जातात. वेदना ही अल्लाहची केवढी मोठी नेमत आहे, हे ती नाहीशी झाल्यावर कळते. (गैरसमज नको : केमोच्या बधिरपणाचा कुष्ठरोगाशी संबंध नाही, तो कोणाला लागत नाही. अशी कुजबुज मी ऐकली आहे म्हणून सांगितले.)

कुष्ठरोगाच्या कामातील रीत साधी आहे. रोज रात्री उजेडात दोन्ही पाय पाहावेत, तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, भेगांवर तेल लावावे. अनवाणी चालू नये. तळ मऊ, बाहेरून घट्ट अशी चप्पल त्या रुग्णांसाठी मुद्दाम बनविली गेली. मधुमेहाचे डॉक्टरही तीच सुचवितात. आपल्याकडे प्रश्न येतो लावणीच्या दिवसांत. भाताच्या खाचरात अनवाणी उतरलेल्या बधिर पायाला काटा, शिंपला, खेकड्याची नांगी काहीच कळत नाही, आणि चिखलातून जंतुसंसर्ग होतो तो निराळाच. केमो घेतलेल्या माणसाने त्या वर्षी खाचरात उतरू नये. बांधावर बसून मूठ मोजण्याचे काम त्याला द्यावे.

शेकणे हा आणखी एक घातक प्रकार. पाय बधिर आहे म्हणून गरम पाण्याची पिशवी लावतात, विटेने शेकतात. पाय भाजतो आणि कळत नाही. पाण्याची ऊब नेहमी कोपराने पाहावी, किंवा घरातील दुसऱ्याने पाहावी.

वुजूचे पाणीही यात आले. ऑक्झॅलिप्लॅटिन घेतल्यानंतरच्या दिवसांत फजरला हौदाच्या थंड पाण्यात हात घातला तर वीज चमकल्यासारखी कळ येते. कोमट पाणी घ्यावे. पाण्याने अपाय होणाऱ्या आजाऱ्यासाठी तयम्मुमची सवलत शरियतमध्ये आहेच. आपल्या स्थितीत काय करावे हे उलमांना विचारावे. एप्रिल-मे महिन्यांत जोहरला मशिदीच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी जाणाऱ्या बधिर पायाला फोड येतात. अंगणात एक सतरंजीची पट्टी टाकली तर ही अडचण मिटते, आणि ते काम जमातीला एका दिवसात करता येईल. तोल जात असेल तर खुर्चीवर बसून नमाज पढण्यात कमीपणा मानू नये. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा परस्पर बदलू नयेत, आधी डॉक्टरांना विचारावे.

सुधारणेविषयी खोटी आशा देऊ नये, पण निराशही करू नये. तुटलेला तंतू पुन्हा वाढतो तेव्हा त्याचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर असतो. कमरेपासून अंगठ्यापर्यंतचे अंतर आपण मघाशी पाहिले. म्हणून महिन्यांचा, कधी वर्षांचा हिशेब आहे. पुष्कळांचा त्रास बराच ओसरतो, काहींचा थोडा कायम राहतो. मात्र बधिरपणा राहिला तरी तोल आणि ताकद परत मिळविता येते, आणि घरातले काम त्यावरच चालते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर एक वही करा. दर रविवारी आईला किंवा अब्बांना विचारून चार प्रश्नांची उत्तरे लिहा. बधिरपणा बोटांपर्यंत आहे की घोट्यापर्यंत चढला? बटण लावता येते का? आठवड्यात किती वेळा तोल गेला? रात्री कळांनी झोप मोडते का? चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे शेवटच्या पानावर लिहा, मधुमेहाच्या आणि दुकानातून आणलेल्यासुद्धा. परळला जाताना ती वही पिशवीत हवी. तारीख घालून लिहिलेली दोन पाने डॉक्टर एका मिनिटात वाचतात. आणि हे रविवारी करा, शाळेच्या दिवशी नको.

लोकलमध्ये अपंगांसाठी असलेल्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसण्याची मुभा आहे, रुग्णालयाची कागदपत्रे जवळ ठेवावीत. दोन-अडीच तास दरवाज्याशी उभे राहण्याची गरज नाही.

माझे बोलणे संपले. चहापानानंतर आमच्या शाळेचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक या सभागृहात पुरुषांना, आणि आमच्या बाई पलीकडच्या वर्गखोलीत भगिनींना तोलाचे व्यायाम प्रत्यक्ष करून दाखविणार आहेत. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी पुढच्या रांगेत बसावे. खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या आहेत, ताटात वाल आणि तांदूळही ठेवले आहेत. खुदा हाफिज.